आठव्या मिनिटाचा खटका

२६ मे २०२२ रोजी ॲलन व्हाइट वारले. ही बातमी मला दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाने पाठवलेल्या संदेशातून कळली. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागला होता आणि दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात त्या वेळी माणूस तर सोडाच, कुत्रेसुद्धा रस्त्यावर नव्हते. मी मोबाइल हातात धरून बराच वेळ गप्प बसलेला पाहून बायकोने कुलरसमोरून मान वळवली आणि विचारले, "कोन गेलं जी?" मी म्हटले, "आपल्या बँडातला ढोलवाला." त्यावर तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "त्या येसमधला? बापा! चांगला वाजवे तो." एकोणचाळीस वर्षे एखादी गोष्ट घरात वाजत राहिली की ती न आवडणाऱ्यालाही तिची माणसे ठाऊक होतात, एवढाच याचा अर्थ आहे, तिला ते संगीत आवडते असा गैरसमज मी कधी करून घेतलेला नाही.

त्याच संध्याकाळी मी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. पेटीत कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याखाली तेवीस कॅसेटी होत्या. त्यांतल्या नऊ 'येस' या इंग्रज बँडच्या, म्हणजे मी स्वतः केलेल्या नकला. हा ठेवा संगणकात उतरवून घ्यायचा असे मी सेवानिवृत्त झाल्यापासून म्हणत होतो, आणि म्हणत राहणे हेच एक काम असल्यासारखा दोन वर्षे नुसता म्हणत होतो. पुढचे तीन आठवडे मी काय काय केले ते येथे लिहीत आहे. त्याआधी या कॅसेटी माझ्याकडे कशा आल्या ते सांगणे भाग आहे, कारण त्यांच्यातले दोष त्या येण्यातूनच निर्माण झालेले आहेत.

१९८३ साली टेलिफोन खात्यात निवड झाल्यावर मला प्रशिक्षणासाठी जबलपूरला पाठवण्यात आले. तोपर्यंत मी ऐकलेले संगीत म्हणजे आकाशवाणी, लग्नातला बँड, आणि घरातले भजन. वडील गावच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवीत. १९६८च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण झाले तेव्हा ते मंडळाच्या लोकांबरोबर मोझरीला गेले होते, आणि परत आल्यावर कितीतरी दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नव्हते, हे मला लहान असूनही आठवते. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन अँडरसन आणि ख्रिस स्क्वायर या दोघांनी 'येस' हा बँड काढला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. परंतु माझ्या डोक्यात बँडचे वय मी नेहमी मोझरीच्या त्या वर्षावरून मोजतो.

वसतिगृहात माझ्या खोलीत शिलाँगचा एक मुलगा होता. त्याच्याकडे कपडे कमी आणि कॅसेटी जास्त होत्या. पहिल्याच रविवारी त्याने मला 'क्लोज टू द एज' हा १९७२ सालचा तुकडा ऐकवला, जो जवळजवळ एकोणीस मिनिटे चालतो. सुरुवातीला पाण्याचा आणि पाखरांचा आवाज येतो आणि मग सगळी वाद्ये एकाच वेळी अशी तुटून पडतात की टेप रेकॉर्डर बिघडला असे समजून मी तो बंद करायला उठलो होतो. त्याने मला हात धरून खाली बसवले. पंधराएक मिनिटांनी, इतका वेळ कुठे कुठे भटकून आल्यावर, ते लोक पुन्हा मूळ चालीवर आले तेव्हा मात्र मला एकदम ओळखीचे वाटले. आमच्या मंडळातसुद्धा गवय्या कितीही लांब गेला तरी ध्रुपदावर येतोच, आणि तो येतो त्या क्षणी खंजिरीवाल्यांच्या अंगात जी लहर जाते तीच लहर मला तेथे, एक अक्षरही न समजता, जाणवली. पुढे माझ्या आवडीची पुष्कळ कारणे मी स्वतःला सांगितली, पण खरे कारण हे एवढेच होते.

त्या सहा महिन्यांत मी नऊ कॅसेटी उतरवून घेतल्या. आम्ही टेलिफोनचे शिकाऊ लोक असल्यामुळे दोन टेप रेकॉर्डर समोरासमोर ठेवून नक्कल करण्याचा गावठी मार्ग आम्हाला मान्य नव्हता. आम्ही भंगारातून वायर आणून, डाग देऊन, नीट जोडणी तयार केली होती. परंतु पैसे मोजकेच असल्याने कॅसेटी साठ मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटांच्या आणि त्याही स्वस्तातल्या घ्याव्या लागल्या. 'गोइंग फॉर द वन' हा १९७७चा अल्बम एकूण एकोणचाळीस मिनिटांचा आहे. त्यातली पहिली चार गाणी तेवीस मिनिटांत संपतात, आणि त्यानंतर साडेपंधरा मिनिटांचे 'अवेकन' सुरू होते. ते सुरू झाले तेव्हा कॅसेटची ही बाजू त्याला पुरणार नाही हे गणित आम्हा दोघांपैकी कोणीही केले नाही. पहिली घनघोर धावपळ संपून सर्व काही शांत होते, ॲलन व्हाइट बारीक घंटांसारखे काही वाजवू लागतात, अँडरसन हार्प छेडतात, आणि मागून ऑर्गन हळूहळू वर येऊ लागतो. नेमक्या त्या ठिकाणी, आठव्या मिनिटाच्या आसपास, माझ्या कॅसेटची फीत संपली आणि बटण 'खट्' करून वर आले.

आम्ही घाईने मूळ कॅसेट पेन्सिलने काही वेढे मागे घेतली, माझी कॅसेट उलटली आणि नक्कल पुढे सुरू केली. त्यामुळे माझ्या प्रतीत ती शांत जागा एकदा अर्धवट तुटते, मध्ये खटका बसतो, माणसाला उठून कॅसेट उलटावी लागते आणि मग तीच जागा वीसएक सेकंद पुन्हा वाजून पुढे सरकते. गायकीत खटका हा अलंकार मानतात. माझ्याकडचा खटका अलंकार नव्हता, पण जाणकार नसलेल्या माणसाला तो तसा वाटायला किती वेळ लागतो?

प्रशिक्षण संपल्यावर नागपूर, बडनेरा करीत मुर्तिजापूरला आलो आणि तेथून शकुंतला या अरुंद रुळांच्या गाडीच्या डब्यात त्या कॅसेटी मांडीवर घेऊन दारव्ह्याला उतरलो. घरी पहिल्यांदा लावली तेव्हा वडिलांनी शांतपणे पूर्ण एक बाजू ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "हे बाई गाऊन राह्यली का माणूस?" अँडरसनांचा आवाज मुळातच उंच आहे, म्हणून मला त्या प्रश्नात काही विशेष वाटले नाही. त्या प्रश्नामागे आणखी एक कारण होते, हे मला २०२२च्या जूनमध्ये कळले.

शिलाँगच्या मित्राची नेमणूक पुढे गुवाहाटीला झाली. १९८४ साली एका रात्री त्याने मला त्यांचा नवा अल्बम टेलिफोनवरून ऐकवला. हे नियमात बसणारे नव्हते, म्हणून तपशील सांगत नाही. त्या अल्बमचे नावच '९०१२५' असे आहे. तो त्याचा कंपनीकडचा अनुक्रमांक. मला मात्र तो कुठल्यातरी गावाचा टेलिफोन नंबर वाटला. टेलिफोनच्या वाहिनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो, कारण माणसाचे बोलणे समजायला तेवढा पुरतो. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झवर बोलते, म्हणजे तो सूर तारेवर चढतच नाही. तरीही स्क्वायर यांचा बास मला यवतमाळच्या एक्स्चेंजमध्ये, नागपूर आणि कलकत्ता ओलांडून आलेल्या त्या आवाजात, स्पष्ट ऐकू आला. ते आपली रिकनबॅकर गिटार बोटांऐवजी पट्टीने छेडत आणि तिचा आवाज मुद्दाम करकरीत ठेवत, त्यामुळे मूळ सूर गळून पडला तरी वरचे उपस्वर तारेवरून निसटून येत होते. त्यातले 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' हे गाणे मला तितकेसे आवडले नाही. अमेरिकेत ते त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेले होते, हे मला पुष्कळ नंतर समजले आणि तरीही ते आवडले नाही.

टेलिफोनच्या धंद्यातल्या माणसाला सर्वांत मोठा धक्का बसला तो नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळालेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकाने. त्यात लिहिले होते की 'गोइंग फॉर द वन'चे ध्वनिमुद्रण स्वित्झर्लंडमधील मॉन्ट्रो येथे झाले, परंतु रिक वेकमन यांनी वाजवलेला चर्चचा ऑर्गन मात्र शेजारच्या व्हेव्हे या गावातला आहे आणि त्याचा आवाज टेलिफोनच्या तारांवरून स्टुडिओत आणण्यात आला. म्हणजे माझ्या कॅसेटमध्ये खटका बसण्याच्या आधी जो ऑर्गन वर येत होता तो तारेवरून आला होता. आमच्याकडे त्या काळी खांबांवरच्या उघड्या तारांवर पहिल्या पावसात शेजारच्या तालुक्यातला माणूससुद्धा विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येई. रेडिओच्या प्रक्षेपणासाठी वेगळ्या, रुंद पट्ट्याच्या वाहिन्या असतात हे मी शिकलो होतो, त्यामुळे ते अशक्य नव्हे हे समजत होते. तरीही त्या रात्री मी ती कॅसेट लावून फक्त ऑर्गन ऐकला, आणि तार कुठे जाणवते का ते शोधत राहिलो. जाणवली नाही. त्या स्विस जोडाऱ्यांचे हात चांगले असणार.

आता २०२२च्या कामाकडे वळतो.

पेटीतल्या नऊपैकी पाच कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती. खिडकीतून उजेडाकडे धरले की गुंडाळीच्या कडेवर पिठाचे ठिपके दिसत. अशी कॅसेट थेट यंत्रात घातली तर बुरशी आवाज वाचणाऱ्या हेडवर जाते, आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. म्हणून मी अंगणात लिंबाखाली बसून, नाकाला दुपट्टा बांधून, पेन्सिलीने एकेक फीत पुढून मागे आणि मागून पुढे फिरवली, आणि मऊ सुती कापडाच्या घडीतून ती हळूच ओढून घेतली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंचाऐंशी-नव्वद मीटर फीत असते. पाच कॅसेटींना दोन सकाळी लागल्या, कारण दहा वाजल्यानंतर अंगणात बसणे शक्यच नव्हते.

दोन कॅसेटींमध्ये फितीला हेडवर दाबून धरणारी नमद्याची इवलीशी गादी डिंक वाळून गळून पडली होती. तिच्याशिवाय आवाज बुडबुड्यासारखा येतो. या दोन्ही कॅसेटींचे कवच स्क्रूचे नसून चिकटवलेले होते, त्यामुळे ब्लेडने कापून, आतली फीत दुसऱ्या कवचात बसवावी लागली. स्क्रूची चांगली कवचे माझ्याकडे कुठल्यातरी लग्नाच्या गाण्यांच्या दोन कॅसेटींची होती, ज्यांची फीत यंत्राने केव्हाच चावून टाकली होती. म्हणून आता बाहेरून हळदीची गाणी आणि आतून येसचा 'रिलेयर', अशी एक कॅसेट माझ्याकडे आहे.

यंत्राचा प्रश्न याहून अवघड निघाला. माझ्या टेप रेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून काळ्या डांबरासारखा पुलीला चिकटला होता. दारव्ह्याला पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे आणि आता मोबाइल दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पुलीवरून दोरा फिरवून लांबी मोजली, एका डब्यातून पंचवीस पट्टे काढून त्यातला एक निवडला आणि पैसे घेताना म्हणाले, "काका, हे काम मागं कवा केलं होतं, मलेच आठोत नाई." हेड आणि रबरी रोलर मी मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या स्पिरिटने पुसले. कापसाच्या बोळ्यावर जो तपकिरी रंग उतरला ते म्हणजे चाळीस वर्षांत झिजून पडलेले संगीतच, असे एक काव्यमय वाक्य मला सुचले होते. प्रत्यक्षात ते लोहाच्या ऑक्साइडचे पीठ असते आणि ते लवकर पुसले नाही तर आवाज घोगरा होतो.

जावयाचा जुना लॅपटॉप घरी पडून होता. त्याला एकच छिद्र होते, तेही माइकचे, एकाच वाहिनीचे. पण माझ्या नकला मुळातच मोनो असल्याने त्याचे दुःख नव्हते. टेपमधून निघणारा आवाज मात्र माइकच्या मानाने फार जोरकस असतो, म्हणून एका जुन्या टेलिफोनच्या पट्टीवरचे दोन रेझिस्टर काढून मी तो कमी करणारी जोडणी तयार केली. ऑडॅसिटी नावाची फुकट प्रणाली जावयाने टाकून दिली आणि मुलीने पुण्याहून मोबाइलवरून ती कशी चालवायची ते सांगितले.

पहिली कॅसेट उतरवली तेव्हा तिच्यावर सगळीकडे सतत घूं ऐकू आली. पन्नास हर्ट्‌झची वीज कुठून तरी आत येत होती. मी कुलर बंद केला, म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना बंद केला. बायको उठून शेजारी निघून गेली, पण घूं गेली नाही. मग अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल म्हणून त्यात मीठ, कोळसा आणि दोन बादल्या पाणी टाकले. घूं थोडी कमी झाली, गेली नाही. या प्रकारात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पहाटे मला आठवले की आपण उभा जन्म ज्या एक्स्चेंजमध्ये काढला ते अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटऱ्यांवरच चालत असे, आणि त्यामागचे एक कारण हेच होते की बोलण्यात विजेची गुणगुण येऊ नये. एवढे शिकलेला माणूस चार दिवस खड्ड्यात पाणी ओततो, याला काय म्हणावे ते बायकोने म्हटले. मी ते येथे लिहीत नाही.

कापसाच्या फवारणीला अजून अवकाश होता, त्यामुळे पाठीवरच्या पंपाची बारा व्होल्टची बॅटरी रिकामीच होती. तिला नऊ व्होल्टचा रेग्युलेटर लावून मी टेप रेकॉर्डर चालवला, लॅपटॉपचीही वायर काढली, आणि आवाज स्वच्छ झाला. शिवाय भारनियमनाची भीतीही गेली. कॅसेट उतरवताना घाई करता येत नाही. तासाची कॅसेट तासच घेते, आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आता मी रात्री अकरानंतर, सगळे निजल्यावर, कानाला हेडफोन लावून बसू लागलो.

त्या रात्री चांगल्या गेल्या. पूर्वी न जाणवलेल्या गोष्टी जाणवल्या. जोराचा सूर येण्याआधी त्याची पुसट सावली आधीच ऐकू येते. वर्षानुवर्षे फीत गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडे उमटते, म्हणून असे होते. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' मी पंचवीस वर्षांनी सलग ऐकला. १९७३चा हा अल्बम चार बाजूंचा, ऐंशी मिनिटांचा आणि चारच तुकड्यांचा आहे, आणि परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातील एका तळटिपेवरून अँडरसन यांना तो सुचला. श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र या चार शास्त्रांना एकेक बाजू वाहिलेली आहे. हे मी वडिलांना सांगितले होते तेव्हा ते म्हणाले होते की आपले कीर्तनकार एका ओवीवर तीन तास काढतात, तर तळटिपेवर ऐंशी मिनिटे म्हणजे काही फार नाही. शास्त्राच्या दृष्टीने त्यात फारसे काही नाही असे माझे मत आहे; दुसरी बाजू मात्र मला आजही फार आवडते, कारण तिला कुठेही पोहोचण्याची घाई नाही. वेकमन यांना तो अल्बम मानवला नव्हता. मँचेस्टरच्या कार्यक्रमात ते वाजवायचे काम नसताना कीबोर्डवर ताट मांडून विंदालू आणि पापड खात बसले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी बँड सोडला. ही गोष्ट बायकोची आवडती आहे. ती म्हणते, "सावजी असतं तं पुन्हा वाजवताच आलं नसतं."

ते पुढे परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. या बँडचा हा स्वभावच आहे. १९९१ साली तर जुने-नवे मिळून आठ जण एकाच मंचावर होते. २००८ साली अँडरसन आजारी पडल्यावर जो गायक घेतला तो याच बँडची गाणी गाणाऱ्या एका नकली बँडमधला होता आणि तो इंटरनेटवरच्या चित्रफितीवरून सापडला होता. २०१५च्या जूनमध्ये स्क्वायर गेले. बँडच्या सुरुवातीपासून तोपर्यंतच्या प्रत्येक अल्बमवर असलेला तो एकटा माणूस होता. आता व्हाइट गेले, जे १९७२ साली केवळ तीन दिवसांत सगळी गाणी पाठ करून बँडमध्ये उभे राहिले होते आणि पन्नास वर्षे हलले नाहीत. आमच्या मंडळात वडिलांच्या मागे खंजिरी पुतण्याने घेतली, पुतण्याच्या मागे दुसऱ्याच घरातल्या मुलाने, आणि हे तेच मंडळ का असे कोणी विचारले नाही. हा दाखला मी पुष्कळदा स्वतःला देतो. तरी २०२१चा अल्बम मी एकदाच ऐकला, पाहुण्याचे ऐकावे तसा सरळ बसून, आणि पुन्हा लावला नाही, हेही खरे आहे.

'गोइंग फॉर द वन'ची कॅसेट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मृग लागल्यावर घेतली. उतरवून झाल्यावर सहज म्हणून लांबी तपासली, तर 'वंडरस स्टोरीज' हे गाणे अधिकृत मुद्रणात ३ मिनिटे ४५ सेकंदांचे आहे आणि माझ्याकडे ३ मिनिटे ३८ सेकंदांचे भरले. यंत्र जलद फिरते की काय म्हणून विकत घेतलेली एक तयार कॅसेट लावून पाहिली; ती बरोबर होती. म्हणजे जबलपूरच्या खोलीतला टेप रेकॉर्डर नक्कल करताना शेकडा तीनने हळू फिरत होता, आणि म्हणून ती नक्कल नीट यंत्रावर तेवढीच जलद वाजते. सूर साधारण अर्ध्या अर्धस्वराने वर चढलेला. माझ्याकडचे अँडरसन चाळीस वर्षे स्वतःच्या पट्टीच्या वर गात होते, आणि वडिलांना बाई गाते असे वाटले त्यात त्यांच्या कानाची चूक नव्हती.

असे काही असावे ही शंका मला यायला हवी होती. २०१७च्या सुमारास जावयाने नवा मोबाइल दिला तेव्हा 'अवेकन' मी प्रथमच सलग ऐकले होते आणि ते मला सुस्त, जड वाटले होते. आठव्या मिनिटाला तर माझा उजवा हात आपोआप पुढे गेला होता. ऑर्गन न तुटता तसाच वर चढत राहिला आणि मी हात कुठे ठेवावा हे न कळून बसून राहिलो. त्याआधी, यवतमाळच्या इंटरनेट कॅफेत मी या अल्बमचे मुखपृष्ठही असेच पाहिले होते. त्यांच्या बऱ्याच अल्बमांवर चित्रकार रॉजर डीन यांची तरंगती बेटे असतात, तसे काही असेल या अपेक्षेने चित्र उघडले, तर गगनचुंबी इमारतींसमोर पाठमोरा उभा असलेला एक नागडा माणूस. शेजारी ओळखीचे मास्तर बसले होते. मी चित्र जेवढ्या वेगाने बंद केले तेवढ्या वेगाने मी आयुष्यात दुसरे काही बंद केलेले नाही.

या कॅसेटमध्ये आणखी एक भर आहे. पुन्हा मुद्रण होऊ नये म्हणून मोडायचे तिचे मागचे कान मी नक्कल करताना मोडून ठेवले नव्हते, त्यामुळे १९९३ साली, पहिलीत असलेल्या माझ्या मुलीने तिच्यावर पाढे म्हणून ठेवले. 'अवेकन'चा शेवट अगदी मंद आहे. सगळा गजर ओसरून गाणे पुन्हा सुरुवातीच्या शांततेत येते. माझ्या प्रतीत तेथे शेवटचे अर्धे मिनिट नाही. तेथे एक खरखर होते आणि मोठ्या आवाजात "बे एके बे, बे दुनी चार" सुरू होते. "बे साती सोळा" असे ती म्हणते तेव्हा मागून, चुलीजवळून, तिच्या आईचा आवाज येतो, "चवदा!" आणि ती न थांबता पुढे जाते. त्या वेळी मी रागावलो होतो. मार दिला नव्हता, पण दोन दिवस बोललो नव्हतो, आणि तिला ते अजून आठवते.

म्हणून मुलीला विचारले. ती म्हणाली, "बाबा, ते काढून टाका ना. वेगही नीट करा, जोडही नीट होतो, मी सांगते कसं करायचं." तिने सांगितले आणि मी केलेही. वीस सेकंदांची पुनरावृत्ती कापली, दोन्ही तुकडे असे जोडले की सांधा ऐकू येत नाही, वेग शेकडा तीनने कमी केला, पाढे काढून टाकले. एका रात्रीत सर्व झाले. कान लावून ऐकले तेव्हा लक्षात आले की एवढा खटाटोप करून मी मोबाइलवर आधीपासून असलेल्या गाण्याची अधिक खराब आवाजाची आणि शेवट नसलेली एक प्रत तयार केली आहे. ती पुसून टाकली आणि जशी उतरली होती तशीच मूळ प्रत राहू दिली.

फाइल साठवताना प्रणाली काही रकाने भरायला सांगते. अल्बमच्या रकान्यात नाव लिहिले. कलाकाराच्या रकान्यात बँडचे नाव पुरेसे होते, पण मी त्या वर्षीचे पाचही जण लिहिले, अँडरसन, स्क्वायर, हाउ, वेकमन, व्हाइट, आणि त्यानंतर सहावे मुलीचे घरातले नाव. बायकोला वाचून दाखवले तर म्हणाली, "अन् मी? चवदा कोन म्हटलं?" तेव्हा सातवे नाव घातले. वर्षाचा रकाना मात्र कोराच ठेवावा लागला, कारण त्यात एकच आकडा मावतो.